बेटावरची सायंफेरी : हुर्राक, फेणी आणि एक बालवैद्य

पणजी हे बेटावरचे शहर आहे, हे पणजीत राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि पूर्वेकडून या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची जलवाट. या तिन्हींच्या कवेत तिसवाडी महाल वसलेला आहे. पोर्तुगीज त्याला ‘इल्यास’, म्हणजे नुसतेच ‘बेटे’, असे म्हणत. आम्हा डिचोलीकरांना मात्र हे बेटपण अंगावर येऊन कळले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि त्याच वर्षी मी गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालो. पत्र्याची ट्रंक आणि भाड्याने मिळवलेला हाडांचा संच घेऊन बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभा असलेला तो मुलगा मला अजून दिसतो. पलीकडे पणजी दिसत होती. परंतु नदीने परवानगी दिल्याशिवाय तेथे पोचता येत नव्हते.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या १९८६ च्या तुकडीचे स्नेहमिलन पणजीत भरले. इंग्लंडात भूलतज्ज्ञ म्हणून स्थिरावलेल्या एका मित्राने सर्वांसाठी एक कार्यक्रम परस्पर ठरवून टाकला होता : फोंतेन्हासमधून मार्गदर्शकासह सायंकाळची पायी फेरी, आणि वाटेत चार ठिकाणी थांबून गोव्याच्या मद्यांची चव. इंग्रजीत त्याला ‘कॉकटेल वॉक’ म्हणतात. लंडनला, लिस्बनला, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील जुन्या बेटगावांतही अशा फेऱ्या निघतात आणि लोक आनंदाने पैसे मोजून त्यांना जातात, असे त्याने मला सांगितले. ‘पण अरे, मी घेत नाही,’ असे मी म्हणताच तो म्हणाला, ‘तू चाल. चालायला काय लागतं?’ चालण्याच्या फायद्यांवर रुग्णांना रोज व्याख्यान देणाऱ्या माणसापाशी यावर उत्तर नव्हते.

मी मद्य घेत नाही यात मोठेपणा काही नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आम्ही अकराजण आणि बाहेरची दोन जोडपी अशी पंधरांची टोळी सायंकाळी साडेपाचला म्युनिसिपल उद्यानापाशी जमली. या उद्यानाला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. शेजारून रोज जाणाऱ्या डॉक्टरांपैकी कितीजणांना हे गृहस्थ आपल्याच व्यवसायातले होते हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे. ओर्ता १५३४ साली गोव्यात आला, व्हाइसरॉयांचा वैद्य झाला, मुंबईचे बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले, आणि १५६३ साली गोव्यातच त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापून निघाला. संवादरूपाने लिहिलेल्या त्या ग्रंथात माडावर एक प्रकरण आहे. माडाची सूर काढतात, ती ऊर्ध्वपातित करतात, त्या अर्कात बुडवलेले फडके पेट घेते, हे सारे त्याने नोंदवले आहे. पहिल्या धारेच्या मद्याला ‘फुला’ आणि मागाहूनच्या हलक्या मद्याला ‘ओर्राका’ म्हणतात, असेही तो सांगतो. हा ‘ओर्राका’ म्हणजेच आपला हुर्राक, आणि दोघांचे मूळ अरबी ‘अरक’ या शब्दात, ज्याचा अर्थ घाम. भट्टीतल्या थंड भांड्याच्या आत जमणारे थेंब ज्याने पाहिले आहेत त्याला ही उपमा किती अचूक आहे ते पटेल.

मात्र ओर्ताच्या ग्रंथात काजूचे नाव नाही. काजू पोर्तुगिजांनी ब्राझिलमधून आणला, हे आपण शाळेतच शिकतो. १५६३ मध्ये ओर्ता त्याचा उल्लेख करीत नाही आणि १५७८ मध्ये क्रिस्तोव्हांव द कोस्ता हा दुसरा वैद्य कोचीच्या बागांत तो पाहिल्याचे लिहितो. यावरून हे झाड आपल्या किनाऱ्यावर केव्हा रुजले त्याचा अंदाज अभ्यासक बांधतात. थोडक्यात, गोव्यातली मूळची फेणी माडाची. काजूची फेणी ही नंतर आलेली सून, जिने सासरचे सगळे घरच ताब्यात घेतले.

आमची मार्गदर्शक पंचविशीतली मुलगी होती. पेडणे तालुक्यातली. सफाईदार इंग्रजी बोलणारी, आवाज न चढवता पंधराजणांना एकत्र ठेवणारी. उद्यानापाशीच तिने सर्वांची ओळख करून घेतली, आणि मी डिचोलीचा हे कळताच इंग्रजी सोडून म्हणाली, ‘म्हणजे दोतोर, भट्टी तुम्हांला मी काय सांगणार!’ मी हसलो. तिला किती खरे बोललो आपण याची कल्पना नव्हती.

चर्चच्या पायऱ्यांना उजवीकडे ठेवून आम्ही आल्तिनोच्या पायथ्याने फोंतेन्हासकडे वळलो. पणजीला राजधानीचा दर्जा १८४३ साली मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८४२ मध्ये, येथे वैद्यकीय शाळा सुरू झाली, जिचे आम्ही वारस. फोंतेन्हास त्याहून जुने. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकहून पैसा मिळवून परतलेल्या, आणि म्हणून ‘मोसमीकार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या एका गृहस्थाच्या माडांच्या बागेत ही वस्ती उभी राहिली, असे सांगतात. डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावरून तिला नाव पडले. निळ्या, पिवळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती, ऑयस्टरच्या शिंपल्यांच्या जुन्या खिडक्या, बाहेर आलेले लोखंडी सज्जे. विद्यार्थिदशेत या गल्ल्यांतून आम्ही असंख्य वेळा गेलो होतो. पण तेव्हा आमचे लक्ष स्वस्त खानावळीकडे असे. आता प्रत्येक भिंतीपाशी कोणीतरी छायाचित्र काढून घेत होते, आणि एका दारावर ‘येथे लोक राहतात, कृपया शांतता राखा’ अशा अर्थाची पाटी होती. ती वाचून मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

पहिला थांबा एका जुन्या तावेर्नात. चार बाकडी, एक फळी, भिंतीवर संताची तसबीर, आणि कोपऱ्यात वेताच्या विणीत गुंफलेल्या काचेच्या टपोऱ्या बरण्या, ज्यांना गाराफांव म्हणतात. एप्रिल म्हणजे हुर्राकाचा भर. उंच पेल्यात हुर्राक, वर लिम्का, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि मधोमध उभी चिरलेली हिरवी मिरची. माझ्या हाती कोकमाचा सोडा आला. पेले भरताच त्या लहानशा खोलीत जो वास दाटला त्याने मला चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे नेले.

आमच्या घरची काजूची बाग डिचोली तालुक्यातल्या एका खेड्यात डोंगरउतारावर होती. आजोबा स्वतः मद्याला शिवत नसत. त्रिकाळ संध्या करणारा माणूस. परंतु बागेतले बोंडू ते दरवर्षी खालच्या वाड्यावरच्या एका भट्टीवाल्याला देत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत ती भट्टी चाले. झाडावरचे बोंडू कधी तोडायचे नसत, पिकून गळलेलेच वेचायचे. काठीला लावलेल्या खिळ्याने उचलायचे आणि बी पिळून वेगळी करायची. मग ते कोळंबीत टाकत. (मराठी वाचकाला ताटातली कोळंबी आठवेल, ही कोळंबी म्हणजे खडकात कोरलेले उथळ कुंड.) तेथे ते पायांनी तुडवत. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून तो नुडी नावाच्या वेलीने आवळून बांधत आणि वर दगड ठेवत. रात्रभर त्यातून जो स्वच्छ रस थेंबथेंब ठिबके तो नीरो. पहाटे आम्ही मुले पेले घेऊन हजर असू. गोड, किंचित घशाला धरणारा. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व त्यात असते हे मला पुढे कळले. उन्हे चढू लागली की तो आंबू लागे, आणि मग आम्हांला तेथून हाकलण्यात येई.

तुडवलेला रस मोठ्या मडक्यांत दोनतीन दिवस आंबे. त्याला खमीर लावावे लागत नाही. हवेतले आणि फळावरचे जंतू ते काम करतात. मग भाण नावाच्या तांब्याच्या भांड्याखाली लाकडे पेटत, वाफ नळ्यातून लावणीत उतरे आणि वरून पाणी ओतून ओतून ती थंड करीत. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण पंधरा टक्के अल्कोहोलचा. तोच ताज्या आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. भट्टीवाला बाटलीत फेणी घेऊन हलवे आणि वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात यावरून तिची ताकद सांगे. ‘फेणी’ हा शब्द फेसावरून आला म्हणतात, ते यासाठीच.

त्या भट्टीवाल्याकडून मिळणाऱ्या पैशांत आमच्या घराचा वर्षाचा मोठा खर्च भागे. १९८६ साली माझ्या ट्रंकेतली ग्रेची ‘अनॅटमी’ त्याच पैशांतून आलेली होती. तो भट्टीवाला मी तिसऱ्या वर्षाला असताना पोट फुगून, डोळे पिवळे होऊन आमच्याच इस्पितळात दाखल झाला. मी त्याला ओळखीने बघायला गेलो, आणि आमच्या शिक्षकांनी त्याच्या पोटातले पाणी कसे ठोकून तपासावे याचे प्रात्यक्षिक मला त्याच्याच पोटावर करायला लावले. तो माझ्याकडे बघून हसला. ‘शीक बाबा,’ म्हणाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला. तेव्हापासून मला मद्याचा पेला हाती धरणे जमले नाही. हे तत्त्व नव्हे, केवळ अवघडलेपण आहे, आणि पेला धरणाऱ्यांविषयी माझ्या मनात काही वावगे नाही.

दुसऱ्या थांब्यावर आम्ही सांव सेबास्तियांवच्या कपेलापाशी उभे राहिलो. या कपेलात एक क्रूस आहे, जो मुळात जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. १८१२ साली इन्क्विझिशन संपुष्टात आले आणि पुढे तो पणजीत आला. बहुतेक क्रूसांवरचा ख्रिस्त मान टाकलेला, डोळे मिटलेला असतो. येथे त्याचे डोळे उघडे आहेत. मार्गदर्शक मुलीने हे सांगितले आणि सारे क्षणभर गप्प झाले. मला उद्यानातला ओर्ता आठवला. तो ज्यू वंशाचा, धर्मांतरित कुटुंबातला. १५६८ मध्ये तो मरण पावला. बारा वर्षांनी, १५८० मध्ये, याच इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून काढून जाळली. आज एका टोकाला त्याच्या नावाचे उद्यान आणि दुसऱ्या टोकाला तो क्रूस, आणि मध्ये चालत जायला पंधरा मिनिटे. कॉकटेलच्या फेरीत हे सांगण्याचा मोह मला आवरला नाही. इंग्लंडवाल्या मित्राने माझ्या पाठीवर थाप मारून ‘याला आणखी एक कोकम द्या’ अशी सूचना केली.

तेथून पुढच्या बारमध्ये मात्र एकविसावे शतक होते. मंद दिवे, काळ्या दगडाचा लांब कट्टा, आणि फेणीत कोकम, काळी मिरी, कैरी घालून केलेली मिश्रणे. फेणीचे दिवस पालटले आहेत यात शंका नाही. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन तिला गोव्याचे वारसामद्य असा दर्जा देण्यात आला. तोवर कायद्याच्या भाषेत ती ‘देशी दारू’ होती आणि राज्याबाहेर तिला वाट नव्हती. आमच्या आजोबांना कोणी सांगितले असते की भट्टीवाल्याचा माल एके दिवशी कट्ट्यावर मापाने मोजून, वर सुक्या संत्र्याची चकती ठेवून मिळेल, तर ते नुसते मान हलवून पूजेला बसले असते.

मला एक गोष्ट खटकली, ती सांगतो. सबंध फेरीत भट्टीवाला कोठेच दिसला नाही. अबकारी खाते काजूबागांच्या भागांचा लिलाव पुकारते, त्याला आमच्याकडे पावणी म्हणतात. मग त्या वर्षापुरता त्या भागातल्या बोंडूंवर बोली जिंकणाऱ्याचा हक्क. वीसवीस तास आगीपुढे उभे राहणारा तो माणूस, त्याची बायकामुले, डोंगरात वेचणीला वाकणाऱ्या बाया, यांच्यावाचून चकती घातलेला तो पेला भरत नाही. मार्गदर्शक मुलीला मी हे बोललो तेव्हा ती मोकळेपणाने म्हणाली, ‘माझा आजाच भट्टी लावतो, दोतोर. पण लोकांना इकडे घाम बघायचा नसतो.’ अरबी शब्दाची व्युत्पत्ती तिला ठाऊक नसावी. मी ती सांगितली नाही.

चौथा आणि शेवटचा थांबा ओरेंच्या खाडीकाठच्या एका घराच्या ओसरीवर. येथे दुकशिरीची फेणी चाखायची होती, म्हणजे अनंतमुळाच्या मुळ्या घालून मुरवलेली. पहिला घोट घेताच दिल्लीहून आलेल्या बाई म्हणाल्या, ‘हे तर औषधासारखं लागतं.’ मुलीने तो धागा उचलला. गोव्यात फेणी हे घरचे औषधच आहे, असे सांगून तिने पोटदुखी, दातदुखी, पावसात भिजणे अशी उपयोगांची यादी सुरू केली. पेडण्याकडे राखणदाराला, देवचाराला रोट आणि सोरो दाखवतात तेही सांगितले. आणि मग हसत म्हणाली, ‘आमच्याकडे तान्ह्या बाळाला सर्दी झाली की आजी छातीला फेणी चोळते, आणि दोन चमचे पोटात. बाळ रात्रभर गाढ झोपतं.’ सारे हसले. आमच्यातले डॉक्टरही हसले. मीच तेवढा हसलो नाही, कारण मला ती गाढ झोप ठाऊक होती.

१९९८ ची गोष्ट. मी डिचोलीत दवाखाना सुरू करून दोन वर्षे झाली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) एका सकाळी आठच्या सुमारास अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आई आली. अंग गार, घामाने ओले, डोळे अर्धे उघडे, आणि एका हाताला झटके. वाटेत दोनदा फिट आली होती. ताप नव्हता. मी मेंदूज्वराचा विचार करीत होतो, तोच त्याच्या श्वासाला वास आला. तो वास ओळखायला मला पुस्तक लागले नाही. बोटाला टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला तर तिचा रंगच बदलेना. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर फिट थांबली, मूल सावकाश हलू लागले, आणि आम्ही त्याला गोमेकॉत पोचवले. त्याचा जीव वाचला. परंतु साखर किती तास खाली होती कोण जाणे. मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली होती.

आजीने आदल्या रात्री खोकल्यावर चारपाच चमचे फेणी दिली होती. मूल जेवले नव्हते. रात्रभर ते ‘गाढ झोपले’ म्हणून कोणी उठवले नाही.

डॉक्टर वाचकांना हे हिशेब ठाऊक आहेत, तरी इतर वाचकांसाठी मांडतो. चार चमचे म्हणजे वीस मिलिलिटर. बेचाळीस टक्के म्हणजे त्यात साडेसहा ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. अकरा किलोच्या मुलाच्या शरीरात ते पसरले की रक्तात दर शंभर मिलिलिटरला सुमारे शंभर मिलिग्रॅम इतके प्रमाण होते. वाहनचालकासाठी आपल्या कायद्याची मर्यादा तीस आहे. पण खरा घात नशेने होत नाही. यकृत अल्कोहोल जाळण्यात गुंतले की त्याच्यातला रासायनिक समतोल असा ढळतो की नवी साखर बनवण्याची त्याची यंत्रणाच अडते. मोठ्या माणसाच्या यकृतात साठ्याची साखर पुष्कळ असते, तो तग धरतो. लहान मुलाचा साठा तुटपुंजा; रात्रीचा उपास पडला की तो पहाटेपर्यंत संपतो. आणि मेंदू तर साखरेवरच चालतो. चोळण्याचेही तसेच : बाळाची त्वचा पातळ, अंगाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ अधिक, अल्कोहोलच्या पट्ट्या पोटावर ठेवल्याने बाळे बेशुद्ध झाल्याची वर्णने दक्षिण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेली आहेत.

आजीला दोष देणे सोपे आहे. परंतु आपल्याच शास्त्राचा इतिहास पाहिला तर आपल्याला तो अधिकार किती, असा प्रश्न पडतो. तान्ह्या मुलांच्या ग्राइप वॉटरमध्ये कित्येक दशके अल्कोहोल असे. खोकल्याच्या औषधांत, टॉनिकांत ते असे, आणि आपले पूर्वसूरी ती लिहून देत. गरोदरपणातल्या मद्यपानाने बाळाच्या घडणीत दोष निर्माण होतात हे फ्रान्समध्ये १९६८ साली आणि अमेरिकेत १९७३ साली लिहिले गेले, म्हणजे अगदी काल-परवा. अल्कोहोल कर्करोगकारक असल्याचे १९८८ पासून अधिकृतपणे मान्य आहे, आणि मद्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले. तरी आपल्या वैद्यकीय परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसरी ओळ ‘कॉकटेल्स अँड डिनर’ अशी असते. मी त्या ओळीला विरोध केलेला नाही. त्या आजीने तर नातवावर माया केली होती.

डिचोलीतलीच दुसरी एक गोष्ट या जागी आठवते. वैशाखात शिरगावच्या लईराई देवीची जत्रा असते. काजूचा मोसम तेव्हा संपत आलेला असतो. देवीचे व्रत घेतलेले धोंड काही दिवस कडक सोवळे पाळतात, विहिरीवर न्हाऊन शुद्ध शाकाहार घेतात, मद्याला हात लावत नाहीत, आणि जत्रेच्या रात्री होमकुंडातून जातात. भट्टीवर उभे राहणारे कित्येकजण या धोंडांत असतात. आमचा भट्टीवालाही धोंड होता. ते दिवस त्याचे हात कापत. आम्हां मुलांना वाटे, देवीचा संचार आहे. तो संचार म्हणजे मद्य तुटल्याची लक्षणे होती, हे मी औषधशास्त्राच्या तासाला शिकलो, आणि त्या दिवशी वसतिगृहात जेवलो नाही.

फेरी संपली. अंधार पडला होता, खाडीवर भरती चढत होती. मित्रमंडळी जेवायला पुढे गेली. ओसरीवर मी रेंगाळलो. मघाशी चारचौघांत बोललो नाही ते बरे की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पंधरांच्या समोर त्या मुलीला खोटे पाडणे मला जमले नसते. पण दिल्लीच्या त्या बाईंच्या घरी कोणी तान्हे असेल तर, हेही डोक्यातून जाईना. मुलगी पेले मोजून परत करीत होती. मी म्हणालो, ‘बाय, एक सांगू? राग मानू नकोस.’ आणि वर लिहिले आहे ते सारे, हिशेबासकट, तिला सांगितले.

तिने मध्ये एकदाही अडवले नाही. माझे संपल्यावर म्हणाली, ‘मलापण आजीनं दिली होती. मी तर बरी आहे.’ मी म्हटले, ‘बहुतेक मुलं बरीच राहतात. म्हणूनच तर ही चाल टिकली.’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, ‘तो मुलगा आता कुठे असतो?’

तो आता तिशीकडे झुकला आहे. चालतो, थोडे बोलतो, औषधे चुकली की फिट येते. वयाने तो माझा रुग्ण राहिलेला नाही, पण दर काही वर्षांनी अपंगत्वाच्या दाखल्याचे कागद घेऊन त्याची आई माझ्याकडेच येते. मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हटले तर ‘तुम्हांला सगळं माहीत आहे’ म्हणते. आजी जाऊन बरीच वर्षे झाली. शेवटपर्यंत ती त्याला स्वतःच्या हाताने भरवत असे. तिला कारण कळले होते का, हे मी आईला कधी विचारले नाही.

हे ऐकून मुलीने एक व्यवहाराचा प्रश्न केला. ‘दोतोर, तो चुटका मला काढून टाकता येईल. पण लोक आपणहूनच विचारतात, हे औषध म्हणून चालतं का, मुलांना देता का? तेव्हा मी काय सांगू? लांबलचक नको. हातात पेला असला की लोक लांबलचक ऐकत नाहीत.’

मी तीस वर्षे आयांशी बोलतो आहे, तरी ते एक वाक्य मला चटकन सुचेना. पहिला प्रयत्न यकृतावरून सुरू झाला. तिने मान हलवली. दुसऱ्यात ‘हायपोग्लायसेमिया’ आला. तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, ‘असं सांगितलं तर? आमच्या आज्या द्यायच्या. दोन चमच्यांनी मूल झोपतं, आणि कधी कधी ते उठत नाही. म्हणून आता देत नाही.’

मी म्हटले, चालेल. तिने मोबाइल काढून ते टिपून घेतले, आणि वर पाहून विचारले, ‘छातीला चोळणं?’

‘तेही नको.’

तेही तिने टिपले. मग पेल्यांची पेटी उचलून ती आत गेली, आणि मी मळ्याच्या रस्त्याने मित्रांना गाठायला निघालो.